हिरव्या रंगाचं कोडं

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एका मुलानं साखरेऐवजी चहात टाकायच्या गोळ्यांची रिकामी डबी आणली. आजोबांना मधुमेह, म्हणून घरात त्या गोळ्या येतात. डबीवर अगदी बारीक अक्षरांत इंग्रजीत एक सूचना होती : फिनाइलकीटोन्यूरिया असणाऱ्यांसाठी नाही. “सर, हे कोण लोक, आणि त्यांना ही गोळी का चालत नाही?” असा त्याचा प्रश्न. “एक आनुवंशिक आजार आहे तो,” एवढं सांगून मी वेळ मारून नेली. त्यावर शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “आनुवंशिक आहे ना? मग गोळी न खाऊन काय उपयोग?”

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा निघाला. ‘आनुवंशिक’ म्हणजे ‘न बदलणारं’ हे समीकरण त्या मुलीच्याच डोक्यात आहे असं नाही. शिक्षकांच्या खोलीत निकालपत्रकं भरताना ‘खाण तशी माती’ हे वाक्य आपण किती सहज म्हणून जातो! (हुशार आईबापांचं मूल मागं पडलं की ‘हिऱ्यापोटी गारगोटी’ ही म्हणही तयारच असते, त्यामुळे आपला सिद्धांत कधीच चुकत नाही.) फिनाइलकीटोन्यूरिया या अवघड नावाच्या आजाराचा इतिहास या समीकरणाला कसा धक्का देत गेला, ते पाहू या.

गोष्ट सुरू होते नॉर्वेमध्ये, 1934 साली. ओस्लोमधल्या एका बाईंना दोन मुलं होती. मोठी मुलगी साडेसहा वर्षांची, धाकटा मुलगा चार वर्षांचा. जन्मले तेव्हा दोघंही इतर बाळांसारखीच दिसत होती. पण मुलीला बोलता येईना, काही मोजके शब्दच काय ते आले. मुलगा तर तिच्याहूनही मागं राहिला. बसता येत नव्हतं, नजर स्थिर होत नव्हती. शिवाय दोन्ही मुलांच्या अंगाला एक चमत्कारिक कुबट वास यायचा आणि कितीही धुतलं-पुसलं तरी तो जात नसे. आई या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे हिंडली. मतिमंदत्वावर उपाय नाही, असं जो तो सांगे आणि वासाकडे कुणीच लक्ष देत नसे. आई मात्र सारखी विचारत राहिली : या वासाचा आणि माझ्या मुलांच्या आजाराचा काही संबंध तर नसेल?

शेवटी ओळखीतून ती आस्बयॉर्न फॉलिंग यांच्यापर्यंत पोचली. फॉलिंग डॉक्टर होते, पण वैद्यकाकडे वळण्याआधी त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतलेली होती. ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली. त्यांनी मुलांच्या लघवीची नेहमीची तपासणी केली. मधुमेहाच्या रोग्यांच्या लघवीत कीटोन असतात का हे पाहण्यासाठी त्या काळी त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकत. कीटोन असतील तर लालसर तपकिरी रंग येतो, नसतील तर फेरिक क्लोराइडचा पिवळट रंग तसाच राहतो. इथं आला गडद हिरवा! पुस्तकात असा रंग कुठंच दिलेला नव्हता.

फॉलिंगना आधी वाटलं, मुलांना दिल्या जाणाऱ्या एखाद्या औषधाचा हा परिणाम असेल. त्यांनी सगळी औषधं बंद करायला लावली. रंग हिरवाच. मग त्या आईनं रोज लघवी आणून द्यायची आणि फॉलिंगनी त्यातून तो अनोळखी पदार्थ वेगळा काढायचा असा उद्योग सुरू झाला. दोन महिन्यांत वीस लिटरहून जास्त लघवी जमली. पदार्थ हवेत टिकेना, म्हणून फार जपून काम करावं लागलं. शुद्ध स्फटिक मिळाले तेव्हा त्यांच्यात फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असल्याचं दिसलं. फिनाइलपायरुविक आम्ल असावं असा त्यांचा कयास होता. खात्री करायची पद्धत साधी आणि सुंदर आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना ती जरूर सांगावी. आपल्याजवळच्या अनोळखी पदार्थात माहीत असलेलं शुद्ध आम्ल मिसळायचं आणि वितळणबिंदू पाहायचा. दोन्ही पदार्थ वेगळे असतील तर मिश्रणाचा वितळणबिंदू खाली घसरतो. तो घसरला नाही. पदार्थ एकच होता.

यापुढचं पाऊल फॉलिंगनी उचललं नसतं तर ही दोन मुलांची नवलकथा म्हणून राहिली असती. ओस्लो परिसरातल्या मतिमंदांच्या संस्थांमध्ये जाऊन त्यांनी 430 जणांची लघवी तपासली. त्यांपैकी आठ जणांच्या लघवीत तोच हिरवा रंग आला. या दहा जणांमध्ये भावंडं होती, आईबाप मात्र धडधाकट होते. मेंडेलच्या वाटाण्यांचे प्रयोग शिकवणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही हा नमुना ओळखता येईल. अप्रभावी गुण! आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी बिघडलेल्या जनुकाची दोन्ही रूपं आली तरच आजार दिसतो. एकच आलं तर माणूस निरोगी असतो, फक्त वाहक असतो.

असा विचार करायला वाट आधीच पडलेली होती. लंडनमधले डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांनी 1902 साली अल्कॅप्टोन्यूरिया या आजारावर लिहिलं होतं. त्यात बाळाचे लंगोट हवेत ठेवले की काळे पडतात. असे रोगी पुष्कळदा सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नातून जन्मलेले असतात हे गॅरडच्या ध्यानात आलं आणि त्यामागचं मेंडेलचं गणित विल्यम बेटसन यांनी ओळखलं. शरीरातल्या रासायनिक क्रियांची जी साखळी असते तिची एखादी कडी जन्मतःच तुटलेली असू शकते, असं गॅरडनी सुचवलं. योगायोग असा, की गॅरडची तुटलेली कडी आणि फॉलिंगची तुटलेली कडी एकाच साखळीतल्या आहेत. प्रथिनांतून आपल्याला फिनाइलअलॅनिन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. त्याचं यकृतात टायरोसिन होतं, टायरोसिनपासून पुढं आणखी पदार्थ होत जातात. अल्कॅप्टोन्यूरियात साखळी बरीच पुढं तुटते. फिनाइलकीटोन्यूरियात ती पहिल्याच पायरीवर अडते. जॉर्ज जर्व्हिस यांनी अमेरिकेत 1947 साली ही पायरी कोणती ते दाखवलं, आणि 1953 साली ती पायरी ओलांडायला लागणारं विकर रोग्यांच्या यकृतात काम करत नाही हेही सिद्ध केलं. मग फिनाइलअलॅनिन रक्तात साचत जातं. निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात ते 1 ते 2 मिलिग्रॅम असतं, या मुलांत 20 मिलिग्रॅमच्याही वर जातं. मेंदूच्या वाढीच्या ऐन काळात हा साठा मेंदूला घातक ठरतो. शिवाय त्वचेला आणि केसांना काळा रंग देणारं मेलॅनिन टायरोसिनपासून तयार होतं, म्हणून या मुलांचे केस आणि कातडी भावंडांपेक्षा फिकी असते.

आता 1934 या सालाकडे पुन्हा वळू या. फॉलिंगचा शोध जाहीर झाला त्याच वर्षी नॉर्वेच्या संसदेनं निर्बीजीकरणाचा कायदा केला. मतिमंद आणि मनोरुग्ण व्यक्तींना संतती होऊ नये यासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्याची सोय त्यात होती. जर्मनीत हिटलरच्या राजवटीचा अशाच प्रकारचा, पण कितीतरी अधिक क्रूर कायदा 1 जानेवारी 1934 पासून अमलात आला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तर 1927 सालीच अशा सक्तीला मान्यता दिली होती. विचारसरणी सरळ होती : बुद्धी रक्तातून येते, बिघाडही रक्तातून येतो, तेव्हा तो वंशच थांबवा. याला सुप्रजननशास्त्र असं भारदस्त नाव होतं आणि त्यात नावाजलेले शास्त्रज्ञ होते. आनुवंशिक मतिमंदत्वाचं इतकं स्वच्छ उदाहरण हाती आल्यावर या मंडळींना बळच मिळायला हवं होतं.

झालं उलटं, आणि त्याचं बरंचसं श्रेय लायोनेल पेनरोज या इंग्रज डॉक्टरला जातं. इंग्लंडमधल्या कोल्चेस्टर इथल्या संस्थेत त्यांनी 1280 मतिमंद व्यक्तींचा, त्यांच्या घरादारासकट, अनेक वर्षं अभ्यास केला. 1938 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीतून दिसलं, की मतिमंदत्व ही एक वस्तूच नाही. कारणं अनेक आहेत, बऱ्याचदा गुंतलेली आहेत. ‘फिनाइलकीटोन्यूरिया’ हे नाव रूढ केलं तेही पेनरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यानं. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते प्राध्यापक झाले. ते पद सुप्रजननशास्त्राचे जनक फ्रान्सिस गॉल्टन यांच्या नावाचं! त्या पदावरून केलेल्या पहिल्याच व्याख्यानाचा विषय पेनरोजनी हाच आजार निवडला आणि निर्बीजीकरणानं हा आजार हटवण्याची कल्पना कशी वेडगळ आहे ते मांडलं. हे व्याख्यान 1946 साली छापून आलं.

त्यामागचं गणित फळ्यावर करून पाहण्यासारखं आहे. समजा 10,000 माणसांत एकाला हा आजार आहे. प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण प्रती 20,000. आजार व्हायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात आणि तसं घडायची शक्यता दहा हजारांत एक आहे, म्हणजे एक प्रत बिघडलेली असण्याची शक्यता शंभरात एक. याचा अर्थ 20,000 प्रतींपैकी 200 बिघडलेल्या. त्यांतल्या 2 रोग्याजवळ. उरलेल्या 198? त्या 198 धडधाकट वाहकांजवळ. रोग्याची शस्त्रक्रिया केली तरी 200 पैकी 198 प्रती जागच्या जागी राहणार. आणि इतक्या आजारी माणसांना मुलं होणं मुळातच विरळ. जनुक खरोखर घालवायचं तर शंभरातल्या दोन निरोगी माणसांवर सक्ती करावी लागेल, आणि त्यांत कायदा करणारेही असतील!

आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, म्हणून आणखी एक आकडा. वरच्याच उदाहरणात आते-मामे भावंडांच्या लग्नातून होणाऱ्या मुलांत आजाराची शक्यता दहा हजारांत एक न राहता सुमारे सात होते. सातपट म्हटलं की दचकायला होतं, दहा हजारांत सात म्हटलं की नाही. वर्गात दोन्ही आकडे एकदम सांगावेत.

कारण समजलं म्हणजे उपाय मिळतो असं नाही. फिनाइलअलॅनिन वगळलेला आहार द्यावा हे पेनरोजनाही सुचलं होतं आणि त्यांनी एका रोग्यावर थोडे दिवस प्रयत्नही केला होता, पण हाती काही लागलं नाही. अडचण अशी की दूध, डाळी, अंडी, मांस, गहू, तांदूळ, कोणतंही प्रथिन घ्या, त्यात फिनाइलअलॅनिन आहेच. शिवाय ते शरीरात तयार होत नाही, म्हणजे अजिबात बंद करूनही चालत नाही.

1951 साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात सतरा महिन्यांची एक मुलगी आली. उभं राहता येत नव्हतं, खाण्यात रस नव्हता, सारखी रडायची, डोकं आपटायची. हॉर्स्ट बिकल या तरुण जर्मन डॉक्टरनं तपासणी करून आजाराचं नाव आईला सांगितलं. आईला नावाशी काय करायचं होतं? ती रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहू लागली : माझ्या मुलीवर उपाय काय करणार ते सांगा. एका आईनं वासाचा पिच्छा सोडला नव्हता, आता दुसरीनं डॉक्टरांचा. बिकल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी मग लंडनच्या लुइस वुल्फ यांचा सल्ला घेतला. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे आम्लानं तुकडे करायचे आणि ते द्रावण क्रियाशील कोळशातून गाळायचं. फिनाइलअलॅनिन कोळशाला चिकटतं, बाकीची बहुतेक अमिनो आम्लं खाली येतात. मग कोळशानं जी चांगली आम्लं अडवली ती वरून मिसळायची. हे सारं कडाक्याच्या थंड खोलीत बसून हातानं करायचं.

सुरुवातीला मुलीचं वजनच घटलं. फिनाइलअलॅनिन अगदीच न मिळाल्यानं तिचं शरीर स्वतःचीच प्रथिनं मोडत होतं. मग मोजून थोडं दूध देऊ लागले. काही महिन्यांत ती रांगू लागली, खुर्चीवर चढू लागली. नजर तरतरीत झाली, केस काळसर झाले, रडणं आणि डोकं आपटणं थांबलं.

पण हा योगायोग नव्हे कशावरून? वाढत्या वयाचा परिणाम नसेल कशावरून? डॉक्टरांनी जे केलं ते आज कोणतीही समिती मान्य करणार नाही. आईला न सांगता त्यांनी मुलीच्या आहारात फिनाइलअलॅनिन मिसळलं. काही तासांतच ती पुन्हा रडू लागली, डोकं आपटू लागली. थोड्याच दिवसांत मिळवलेलं बहुतेक सारं हरवलं. पुरावा म्हणून याहून स्वच्छ काय असणार? आणि त्या आईनं ते दिवस कसे काढले असतील? प्रयोगांचं कौतुक करताना मला इथं नेहमी अडखळायला होतं. 1953 साली हे काम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं.

मात्र या मुलीच्या मेंदूचं आधी झालेलं नुकसान भरून येण्यासारखं नव्हतं. आहार जन्मल्याबरोबर सुरू झाला तरच खरा फायदा. लघवीतला हिरवा रंग दिसायला काही आठवडे लागतात, तोवर उशीर झालेला असतो. यावर वाट काढली अमेरिकेतल्या बफेलोचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांनी. त्यांचा स्वतःचा एक मुलगा वेगळ्याच कारणानं मतिमंद होता आणि मेहुणीच्या मुलीला हाच आजार उशिरा कळला होता. त्यांची युक्ती अशी : बशीतल्या आगरवर जीवाणू पेरायचे आणि त्यात जीवाणूंची वाढ रोखणारं एक रसायन घालायचं. रसायन असं निवडायचं की भरपूर फिनाइलअलॅनिन मिळालं तर त्याचा अटकाव निष्प्रभ होतो. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब गाळणकागदावर घ्यायचा, सुकवायचा, त्याची छोटी चकती कापून बशीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जीवाणूंचं वलय दिसलं, तर रक्तात फिनाइलअलॅनिन जास्त! वलय जितकं मोठं तितकं प्रमाण जास्त. सुकलेला कागद टपालानं पाठवता येई, हा आणखी एक फायदा. 1963 सालापर्यंत अमेरिकेतल्या 29 राज्यांत चार लाखांहून जास्त बाळांची तपासणी झाली, 39 मुलं सापडली. मॅसॅच्युसेट्स राज्यानं त्याच वर्षी ही तपासणी कायद्यानं आवश्यक केली.

‘द गुड अर्थ’ लिहिणाऱ्या, नोबेल पारितोषिक मिळालेल्या पर्ल बक यांची मुलगी याच आजाराची होती. ती 1920 साली जन्मली. आजाराचं नाव आईला कळलं तेव्हा ती चाळिशीला आली होती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आजार आनुवंशिक आहे, मग पथ्य करून काय उपयोग? चार बाळांची कल्पना करू. निरोगी जनुकांचं बाळ नेहमीच्या आहारावर : ठीक. बिघडलेल्या जनुकांचं बाळ नेहमीच्या आहारावर : गंभीर मतिमंदत्व. तेच बाळ पथ्याच्या आहारावर : शाळेत जाईल, शिकेल. आणि निरोगी जनुकांचं बाळ त्या पथ्याच्या आहारावर? त्याची वाढ खुंटेल, कारण आवश्यक अमिनो आम्लच मिळणार नाही. हे केवळ कल्पनेतलं नाही. 1960च्या दशकात, रक्तातलं प्रमाण थोडंसंच वाढलेल्या काही बाळांना उगाचच कडक पथ्यावर ठेवलं गेलं आणि त्यांना त्रास झाला. तेव्हा ‘चांगलं जनुक’ आणि ‘चांगला आहार’ ही विशेषणं एकेकट्यानं लावताच येत नाहीत.

तरीही ‘यात आनुवंशिकतेचा वाटा किती टक्के?’ असा प्रश्न विचारला जातोच. ज्या गावात सगळी मुलं एकसारखं जेवतात, तिथं या बाबतीत मुलामुलांत दिसणारा फरक शंभर टक्के जनुकांमुळे आहे. ज्या दवाखान्यात सगळी मुलं याच आजाराची आहेत, पण काहींचं पथ्य सांभाळलं गेलं आणि काहींचं नाही, तिथं तोच फरक जवळजवळ सगळा आहारामुळे आहे. जनुक तेच, रसायनं तीच, टक्केवारी मात्र उलटीपालटी. टक्केवारी त्या त्या गटाचं, त्या त्या परिस्थितीतलं वर्णन करते. एखाद्या मुलाच्या आत किती टक्के काय भरलंय ते ती सांगत नाही. पुढं भारतात येऊन राहिलेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1946 साली नेमक्या अशाच आंतरक्रियेचं गणित मांडलं होतं. दोनच जनुकप्रकार आणि दोनच परिस्थिती घेतल्या तरी किती तऱ्हेचे निकाल संभवतात, ते त्यांनी मोजून दाखवलं.

पथ्य म्हणजे काय, याचाही अंदाज असावा. या आजाराचं तीव्र रूप असलेल्या मुलाला दिवसाला साधारण 250 ते 500 मिलिग्रॅम फिनाइलअलॅनिन चालतं. पेलाभर गाईच्या दुधात ते तीनशेच्या आसपास भरतं. म्हणजे एक पेला दूध प्यायलं की दिवसाचा बराचसा हिशोब संपला! वरण नाही, पोळी मोजून, बाकीची भूक फळं, भाज्या, साबूदाणा आणि खास तयार केलेल्या भुकटीवर भागवायची. भुकटी महाग आणि चवीला वाईट असते. डबीवरच्या गोळ्यांत अ‍ॅस्पार्टेम असतं आणि अ‍ॅस्पार्टेमच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग फिनाइलअलॅनिन असतो. सूचना छापतात ती यासाठी.

पहिल्या पिढीतल्या मुलांचं पथ्य सहा-आठ वर्षांच्या वयात थांबवत. मेंदूची मुख्य वाढ झाली, आता हरकत नाही, असा समज होता. त्यांतल्या मुली मोठ्या झाल्या, शिकल्या, त्यांची लग्नं झाली. त्यांना मुलं झाली ती मात्र बहुतेक लहान डोक्याची आणि मतिमंद. ‘पाहा, शेवटी आनुवंशिकताच!’ असं म्हणायचा मोह इथं कुणालाही होईल. पण या बाळांची रक्ततपासणी केली तर फिनाइलअलॅनिन अगदी योग्य प्रमाणात. वडिलांकडून त्यांना निरोगी जनुक मिळालेलं होतं, आजार त्यांना नव्हताच. नऊ महिने ती ज्या रक्तावर वाढली त्या आईच्या रक्तात फिनाइलअलॅनिनचा साठा होता. अशा गर्भारपणांची माहिती 1980 साली एकत्र केली गेली. पथ्य न करणाऱ्या आणि रक्तातलं प्रमाण 20 मिलिग्रॅमच्या वर असलेल्या आयांच्या शंभरातल्या नव्वदाहून जास्त मुलांत मतिमंदत्व आढळलं. गर्भ राहण्याआधीच आईनं पुन्हा पथ्य धरलं, तर बाळ निरोगी जन्मतं. म्हणून आता पथ्य जन्मभर ठेवायला सांगतात, आणि या मुली वयात आल्या की डॉक्टर त्यांच्याशी पहिलं बोलतात ते याच विषयावर.